एक जूनचा पाडवा

घर धुणं मंदाला नवं नव्हतं. पण जे घर सोडून जायचं तेच घर इतकं घासायचं, ओव्हनच्या पोटातली काजळी खरवडायची, खिडकीच्या फटीत मरून पडलेली माशीसुद्धा काडीनं काढायची, हा कुठला न्याय ते काही तिला कळेना. सून जुई ओव्हनमध्ये खांद्यापर्यंत शिरली होती. मंदा खाली बसून तारेच्या घासणीनं जाळ्या घासत होती.

"इथे असंच असतं आई," जुई आतूनच म्हणाली. "जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी घर लख्ख करून द्यायचं. ग्रॅहम येऊन बघून जाईल."

"बघू दे की. आमच्याकडं तर जाणाऱ्याला चुलीवरचं गाडगं उतरवायला बी सवड देत नव्हते."

"कोण देत नव्हतं?"

मंदानं जाळी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं घासायला घेतली. जुईनं पुन्हा विचारलं नाही. पुण्याची पोर, मनानं चांगली होती, पण एखादी गोष्ट दोनदा विचारायची तिला सवय नव्हती.

बाहेर मेचा शेवट होता, म्हणजे इथल्या हिवाळ्याचं तोंड. ऑकलंडपासून दोन तासांवरच्या मोरिन्सव्हिलच्या आसपास या दिवसांत सकाळचं धुकं अकरा वाजले तरी गाईंच्या पाठीवरून उठत नाही. शुभम सहा वर्षं इथं ग्रॅहमच्या फार्मवर कामाला होता. शिकायला म्हणून आला, शिकता शिकता दूध काढायला लागला, आणि गाईंमध्येच रमला. आता त्याला दक्षिणेला, समुद्रापलीकडच्या बेटावर, विंटनजवळ, मॅनेजरची जागा मिळाली होती. आईला त्यानं मार्चमध्ये बोलावून घेतलं, तेव्हा विमानतळावरून येतानाच सांगितलं होतं, "एक जूनला आम्ही हलणार, माय. इथे सगळ्या डेअरीवाल्यांचं वर्ष एक जूनलाच बदलतं. माणसं, गाई, कोंबड्या, सोफे, सगळं त्या दिवशी रस्त्यावर असतं."

"म्हंजी पाडवाच की रे," मंदा म्हणाली होती.

तो हसला होता, आणि पुढच्या सीटवरच्या बायकोनं ऐकलं का, ते हळूच बघितलं होतं.

जुईला त्यानं सांगितलं होतं की आमच्या घरी शेती. खोटं नव्हतं ते. पणजा, आजा, बाप, सगळ्यांनी शेतीच केली, फक्त दुसऱ्याची. जिंतूरकडच्या गावांत सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपायचं. लोकांच्या दारात गुढी आणि यांच्या दारात बोचकं. मालकाला माणूस ठेवून घ्यायचा असला की तो आदल्या दिवशी नव्या वहाणा द्यायचा. त्यात पाय घातला की पुढचं साल धरलं गेलं. ना कागद, ना साक्षीदार. मग उन्हाळा असो की पावसाळा, अंगात ताप असो की घरात मढं, त्या पायांनी दुसरीकडं जायचं नाही. मंदाच्या नवऱ्यानं शुभम पोटात असताना साल सोडलं आणि बाजारात हमाली धरली. पाठ मोडून घेतली, पण पोराच्या पायात स्वतः आणलेली चप्पल घातली. ती चप्पल घालायला तो पुढं फार वर्षं राहिला नाही.

दुपारी मंदा शुभमबरोबर शेडमध्ये गेली. शेवटच्या गाई आटवायच्या होत्या, आजच्यानंतर दीड-दोन महिने दूध नाही. दूध काढायच्या खड्ड्यात उभं राहून दोन्ही बाजूंच्या गाईंचे मागचे पाय डोळ्यांसमोर, वरून शेण कधी येईल त्याचा नेम नाही. शुभमच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांत काळी रेघ बसली होती ती साबणानं निघत नव्हती. मंदा पाइप धरून सड पुसायच्या बादलीत गरम पाणी सोडत होती. बसून राहायचा तिला कंटाळा, म्हणून ती रोज यायची.

"माय, एक ठरवलंय," तो दुधाच्या मशीनचे कप लावता लावता म्हणाला. "विंटनचं घर अजून तयार नाही. घर तापवायची शेगडी बसवायची राहिलीय, छताचं काम चाललंय. पाच आठवडे मी आणि जुई कॅरॅव्हॅनमध्ये राहणार. तिथे रात्री पाणी गोठतं. पोरीचा, ऋचाचा दमा तुला माहितीय, मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात होती. तू तेवढे दिवस सँडरिंगहॅमला चंद्रहासकडे राहा." चंद्रहास म्हणजे जुईचा भाऊ, ऑकलंडात कॉम्प्युटरच्या कामाला होता.

"अन् पोरगी?"

"ती लॉरेनकडे. इथेच, मोठ्या घरात. लॉरेननं आपण होऊन विचारलं. शाळेची टर्म संपली की मी येऊन घेऊन जाईन."

लॉरेन म्हणजे ग्रॅहमची बायको. मालकीण. मंदाच्या हातातलं पाणी बादली भरून वाहायला लागलं, तिच्या गमबुटांत शिरलं, तरी तिला कळलं नाही.

"माझ्यासंग पाठव तिला."

"शाळा बुडते, माय. आणि ती यायला तयार नाही. शाळेची पळायची शर्यत आहे, मैत्रिणी आहेत. चंद्रहासकडे खोल्या दोन. पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तेवढ्यानं काय होतंय, असंच समदे म्हणतेत," मंदा म्हणाली. एका गाईनं लाथ झाडली, कप खाली पडला, आणि शुभम तिकडं वळला. बोलणं तिथंच राहिलं.

घरी आली तर पोरगी दारातच. आठ वर्षांची, हडकुळी, बापासारखे कान. पायांत लाल भडक नवे गमबूट.

"आजी, लुक! लॉरेन गेव्ह मी दीज!" ती एका पायावर गिरकी घेत म्हणाली.

मंदानं बुटांकडं बोट केलं. "काढ ते."

"व्हाय?"

"काढ म्हणते ना."

ऋचाला मराठी सगळं कळायचं, उत्तर तेवढं इंग्रजीत द्यायची. पण आजीचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं बूट काढले, ओठ काढून आजीकडं बघितलं, आणि मोज्यांवरच आत पळाली. मंदाला वाईट वाटलं. लेकराचा काय गुन्हा होता? तरी तिनं बूट उचलले, नळाखाली तळ धुतले, पदरानं कोरडे केले आणि संध्याकाळच्या उजेडात गाईंच्या वाटेनं मोठ्या घराकडं निघाली. चिखलात पाय रुतत होते. दारात पायपुसण्यावर तिनं बूट नीट जोडून ठेवले, बंद दाराला हात जोडले आणि मागं न बघता परत आली. झालं, तिच्या मते साल नाकारलं होतं. यापुढं कुणी काही बोलू शकत नव्हतं.

आता लॉरेनला बिचारीला काय माहीत. तिनं सकाळी दार उघडलं, बूट परत आलेले बघितले, आणि तिच्या सरळ मनाला एकच गोष्ट सुचली. दुपारी तिची गाडी दारात येऊन थांबली. उंच बाई, गुडघे दुखरे, उतरताना दाराला धरून उतरली. हातात तस्साच लाल जोड, एक नंबर मोठा.

"टू स्मॉल? कळवायचं ना," असं काहीसं म्हणत तिनं ते ऋचाच्या हातात दिले. मंदा भिंतीला टेकून उभी. मालकीण ऐकत नाही, दुसऱ्यांदा देते, म्हणजे पोरगी ती घेणारच. मंदानं हात जोडले. म्हणायचं होतं की बाई, सोडा आम्हाला. लॉरेनला वाटलं, म्हातारी आभार मानतीय. तिनंही हात जोडले. "नमस्ते, मंडा," ती प्रेमानं म्हणाली आणि गेली.

ऋचानं बूट घातले. पाय आत हिंदकळत होते, पण ती आजीकडं बघत बघत, भीत भीत का होईना, दोन पावलं चालली. मंदा होती तिथंच फरशीवर बसली. शुभम जेवायला आला तेव्हा ती तशीच बसलेली, आणि जुई तिच्यापुढं पाण्याचा पेला धरून.

"आई, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"पोरीला इथं ठेवू नका," मंदा म्हणाली. "म्या तुमच्या पाया पडते. मालकाच्या घरात लेकरू ठेवू नका."

"माय, काहीतरीच काय," शुभम म्हणाला.

"तुला सांगितलं न्हाई म्या कधी. माझा भाऊ होता. शिवाजी. माझ्याहून दोन वर्सानं मोठा."

"तो लहानपणीच वारला ना?"

"वारला म्हणणं सोपं होतं."

मग तिनं सांगितलं. भिंतीकडं बघून, हातातला पेला फिरवत. "दादांनी, माझ्या बापानं, दुसऱ्या गावी साल धरलं होतं. पाडव्याला निघायचं. शिवा गुरं राखायचा, गाईंना त्याची सवय लागली होती. आदल्या दिवशी मालकीणबाईनं त्याला नव्या वहाणा दिल्या. कधी पाय झाकले नव्हते त्याचे. घालून नाचला वाड्यापुढं, मला बी दाखवल्या. मालक वसरीवरून म्हणले, पोरगं राहू दे इथं, दिवाळीला घेऊन जा. दादा काही बोलले न्हाईत. आमच्यात बोलायची रीतच नव्हती. दिवाळीला गेले तर मालक म्हणले, सुगी होऊ दे. सुगी झाली तर मालकाच्या लेकीचं लगीन निघालं. लगनात तिला एक गाय दिली, अन् गाईमागं शिवाला दिलं. आंदण. कुणी विचारलं न्हाई, ना आम्हाला, ना त्याला."

शुभम दाराला टेकला. त्याच्या टोपीवरून पाणी टपकत होतं.

"तिसऱ्या वर्सी मायला त्या गावाचा पत्ता लागला. चालत गेली. मी होते संगं. तो गोठ्यात होता, उंच झालता. मायनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं. अन् म्हणला, बाई, मालक घरी न्हाईत."

बाहेर पाऊस आडवा लागला होता.

"मग?" जुईनं विचारलं. या वेळी तिनं विचारलं.

"मग काय. माय वाटंत एकदा बसली, अन् परत आली. पुढं पुन्हा गेलो तर तो तिथं नव्हता. कुठं धाडला ते कुणी सांगितलं न्हाई. माय मरंपर्यंत एकच म्हणायची, माझं लेकरू मला बाई म्हणलं."

जुई तिच्याशेजारी फरशीवर बसली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस, आमच्या घरी शेती."

"काय सांगायचं होतं?" शुभमचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्या बाबांनी पहिल्या भेटीत विचारलं, किती एकर. मी काय सांगणार होतो, जुई?"

"मला सांगायचंस. बाबांना नाही, मला." तिचे डोळे भरले होते. तिनं मंदाचा हात हातात घेतला. भेगांचा, राखेचा, साबणानं पांढरा पडलेला हात. "आई, नाही ठेवायची तिला. घेऊन जाऊ आपण."

"कॅरॅव्हॅनमध्ये?" शुभम म्हणाला. "मागच्या वर्षी तिचे ओठ निळे पडलेले मी बघितलेत. माय, लॉरेन तशी नाही गं."

"मालकीणबाई बी तशी नव्हती," मंदा म्हणाली. "वहाणा तिनं प्रेमानंच दिल्या होत्या."

थंडीत लेकरू आजारी पडणार हे खरं, आणि मंदाच्या जिवाला बसलेला घोरही खरा. ऋचा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती कुरकुरीच्या सुरात म्हणाली, "बट व्हाय डिडन्ट हिज मम जस्ट स्टे देअर विथ हिम?"

जुईनं सासूला सांगितलं, "विचारतीय, शिवामामाची आई त्याच्याजवळ का नाही राहिली."

"कोण राहू देतंय बाई," मंदा म्हणाली. बोलली आणि थांबली. इथं कोण अडवणार होतं? तिनं पेला खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली. "जुई, त्या लॉरेनबाईला फोन लाव. विचार, मी पोरीसंग राहिले तर चालंल का. अन् नीट सांग, पाहुणी म्हणून राहीन. भांड्याला हात लावला तर माझ्या मर्जीनं लावीन. कुणाच्या सांगण्यावरून न्हाई."

जुईनं शब्दन् शब्द तसाच सांगितला. पलीकडून लॉरेन काहीतरी भराभर बोलली.

"म्हणतात, स्वीट अ‍ॅज, म्हणजे उत्तम. तुमचं ऑकलंडचं ठरलंय असं वाटलं म्हणून विचारलं नव्हतं. सोबत झाली तर त्यांना हवीच आहे. भांडी मशीन धुतं."

एक जूनला सकाळपासून रस्त्यावर ट्रक धावत होते. गाईंचे, सामानाचे, एकावर तर कुत्र्याचं घर बांधलेलं. शुभमनं आईच्या पाया पडून गाडी सुरू केली. जुईनं खिडकीतून ऋचाचा दम्याचा पफर मंदाच्या हातात दिला, कसा वापरायचा ते तिसऱ्यांदा सांगितलं. मंदा हात हलवत उभी राहिली, आणि दुसऱ्या हातानं तिनं नातीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की शेवटी पोरगीच म्हणाली, "आजी, आऊ."

मोठ्या घरात मंदा पहिले दोन दिवस खुर्चीच्या कडेवर बसली. जन्मात कधी मालकाच्या घरात उंबऱ्याच्या आत टेकली नव्हती, आता त्याच्याच टेबलावर बसून ग्रॅहमनं कापलेला बटाटा खायचा म्हणजे घास फिरायचा. पहिल्या संध्याकाळी पलंगावर हात ठेवला तर गादी गरम. ती घाबरून ऋचाकडं गेली, म्हणाली, "अंथरुणाला ताप आलाय." पोरगी हसून हसून लोळली. लॉरेननं चादरीखालची विजेची गोधडी दाखवली, बटण शिकवलं, आणि दोघी म्हाताऱ्या, एकीला दुसरीचं बोलणं कळत नसताना, पोट धरून हसल्या. त्यानंतर मंदा खुर्चीत मागं सरकून बसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात आपल्या मर्जीनं भाकरी थापली.

पण संध्याकाळ झाली की तिचा जीव वरखाली व्हायचा. ती फोन घेऊन ऋचाच्या मागं लागायची.

"बापाशी बोल."

"आय टॉक्ड टू हिम यस्टरडे."

"आज बोल. काय खाल्लंस ते सांग."

पोरगी फोन घ्यायची. हाय. गुड. येस. बाय. मंदा ते शब्द मोजायची. एका संध्याकाळी तर कुत्र्याबरोबर खेळता खेळता ऋचानं मान हलवून फोन नको म्हटलं, आणि लॉरेनला म्हणाली, "व्हेन आर वुई गोइंग होम?" ते तळ्याकाठी फिरायला आले होते. होम म्हणजे मोठं घर. मंदाला तेवढं इंग्रजी कळत होतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आपण जवळ राहिलो, पण जवळ राहून काय उपयोग, असं तिला वाटायला लागलं. पोर हातात आहे आणि तरी चाललीय. लॉरेनचा काही दोष नव्हता. दोष कुणाचाच नसताना लेकरं जातात, हेच तर तिला ठाऊक होतं.

टर्म संपली. शुभम शनिवारी दुपारच्या जेवणाला येणार होता. ऋचा सकाळीच आवरून, बॅग घेऊन खिडकीशी बसली. बारा वाजले, एक वाजला. जेवायला बोलावलं, आली नाही. फोन आला की समुद्र खवळल्यानं बोट फार उशिरा सुटली, उतरल्यावर वाटेत अप्पर हट गावाजवळ गाडीतच डोळा लागला, येतोच आहे. ऋचानं ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. तीन वाजले, चार वाजले. पोर तशीच. रडणं नाही, विचारणं नाही, हातपाय घडी घालून शहाण्यासारखी बसलेली. मंदाला तो शहाणपणा बघवेना. गोठ्यात उभा असलेला शिवाही असाच शहाणा झाला होता.

अंधारायला लागलं तेव्हा गाडी आली. शुभम उतरला. दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हात पसरलेले. ऋचा ओसरीत जाऊन उभी राहिली. त्याच्याकडं बघितलं. हलली नाही. लॉरेन मागून आली.

"यू सेड लंच," ऋचा म्हणाली.

"अगं राणी, बोट..."

"यू सेड लंच! आय वेटेड ऑल डे! यू आर सो मीन, बाबा!" तिनं पाय आपटला, पायऱ्या उतरून त्याच्या अंगावर धावून गेली, त्याच्या पोटावर दोन्ही मुठी मारायला लागली. टोपी पडली त्याची. ती ओरडत होती, रडत होती, पाच आठवड्यांचं सगळं काढत होती. मी बाय म्हटलं की लगेच फोन का ठेवायचास, शर्यतीला का नाही आलास, मी चौथी आले तुला माहितीय का.

"नाऊ, नाऊ, ऋचा," म्हणत लॉरेन तिला आवरायला पुढं झाली. मंदानं मालकिणीचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं आणि सोडलं नाही. लॉरेन थांबली.

"माय, सांग ना हिला," शुभम मार खात म्हणाला. "बोट उशिरा सुटली म्हणून सांग."

"मी न्हाई सांगत," मंदा म्हणाली. "ऐकून घे तिचं."

ती लॉरेनच्या हाताला धरूनच खाली पायरीवर बसली.

"बापावर रागवायलं बघा माझं लेकरू," ती तिला मराठीतच म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून हसायला लागली.